हौशी प्रकाशचित्रकारांचा प्रताधिकार (कॉपीराइट) : कायदा नेमके कोणते संरक्षण देतो?

रानवाटा :

नोकरी-व्यवसाय सांभाळून गडकिल्ले, पक्षी, वारी, कासचे पठार, कोकणातली बंदरे यांची प्रकाशचित्रे काढणारे अनेक जण या चर्चा-मंचावर आहेत. त्यातले एखादे चित्र कधीतरी पतसंस्थेच्या दिनदर्शिकेत किंवा पर्यटन-निवासाच्या फलकावर छापलेले दिसते, खाली नाव नसते, आणि विचारणा केली की 'नेटवर मिळाले' एवढेच उत्तर येते. अशा वेळी बहुतेक हौशी मंडळी 'आपण कुठे व्यावसायिक आहोत' असे म्हणून विषय सोडून देतात. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे आपले नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे. कायद्याने हौशी प्रकाशचित्रकाराला दिलेला हक्क व्यावसायिकाच्या हक्कापेक्षा तसूभरही कमी नाही; एका बाबतीत तर तो अधिक भक्कम आहे. आपण कमी पडतो ते मूळ फाइल जपण्यात आणि परवानगीच्या अटी लेखी ठेवण्यात.

आपल्याकडे हा विषय प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याखाली येतो. त्यातील कलाकृतीच्या व्याख्येत प्रकाशचित्र येते, आणि त्याला कलात्मक गुणवत्ता असो वा नसो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे चित्र स्पर्धेत बक्षीस मिळवण्याच्या योग्यतेचे आहे की नाही, ते महागड्या कॅमेऱ्याने काढले की मोबाइलने, हे प्रश्नच कायदा विचारत नाही. प्रकाशचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, अशी सरळ व्याख्या आहे. कॅमेरा मित्राचा असला किंवा सहलीचा खर्च दुसऱ्याने केलेला असला, तरी तेवढ्याने कर्ता बदलत नाही.

अट एकच, चित्र 'मूळ' असले पाहिजे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असे ठरवले की निव्वळ श्रम आणि पैसा खर्च केल्याने मूळपणा सिद्ध होत नाही. काही किमान कौशल्य आणि निवड त्या कृतीत दिसली पाहिजे. प्रकाशचित्राच्या बाबतीत कोन, प्रकाश, क्षण आणि चौकट यांची निवड हीच ती गोष्ट होय. संरक्षण मिळते ते या निवडीतून उभ्या राहिलेल्या चित्राला, समोरच्या दृश्याला नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून दिसणारा सूर्योदय कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, आणि त्याच जागी उभे राहून दुसऱ्या कोणी स्वतःचे चित्र काढले, तर त्याला आपण हरकत घेऊ शकत नाही.

हा हक्क चित्र तयार होताच आपोआप निर्माण होतो. खाली '©' हे चिन्ह घालणे किंवा सरकारदरबारी नोंदणी करणे बंधनकारक नाही. नोंदणीशिवाय दावा चालतो का, याविषयी आपल्याच उच्च न्यायालयात काही काळ संभ्रम होता, कारण २०१२ च्या एका निकालात नोंदणी आवश्यक मानली गेली होती. संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी या २०२१ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ते मत बाजूला ठेवले आणि नोंदणी ऐच्छिक असल्याचे सविस्तर कारणांसह स्पष्ट केले. तरीही ज्या चित्राला बाजारात मागणी आहे असे वाटते, त्याची नोंदणी करण्यात शहाणपण आहे, कारण प्रताधिकार नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. साध्या कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते.

मुदतीबाबत जुन्या पुस्तकांवर विसंबू नये. प्रकाशचित्राचा प्रताधिकार पूर्वी प्रसिद्धीपासून मोजला जात असे, आधी ५० वर्षे आणि नंतर ६० वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने ते स्वतंत्र कलम रद्द झाले. आता लेखक-चित्रकारांप्रमाणेच प्रकाशचित्रकारालाही हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण आहे. आपल्या चित्रांचे हक्क आपल्या वारसांकडे जातात, हे घरच्यांना सांगून ठेवावे.

शेवटचा मुद्दा नावाचा. कलम ५७ नुसार कर्त्याला आपले कर्तृत्व मान्य करून घेण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी कृतीची मोडतोड रोखण्याचा विशेष हक्क आहे. आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा हक्क कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनासाठी घडवलेले भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची नासधूस झाली, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांना ते परत देण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश दिला. ज्याला चित्राचे पैसे नकोच आहेत अशा हौशी माणसासाठी संपूर्ण कायद्यातले सर्वांत मोलाचे कलम हेच आहे, असे मला वाटते.

आपले अनुभव आणि शंका अवश्य मांडाव्यात.

हिरवा चाफा :

धागा अतिशय उपयुक्त आहे. माझी शंका लग्नाच्या चित्रांविषयी आहे. मामेबहिणीच्या लग्नात मी हौसेने चित्रे काढली. मामांनी आग्रहाने काही रक्कम हातावर ठेवली, ती मी घेतली. आता वधूचा साजशृंगार करणाऱ्या एका व्यावसायिकेने त्यातली चित्रे जाहिरातीसाठी वापरली आहेत. बहिणीने परवानगी दिली होती, मला मात्र कोणी विचारले नाही आणि माझे नावही कुठे नाही. अशा वेळी हक्क कोणाचा?

तळटीप :

मी वकिली करते, म्हणून या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर देते. रानवाटा यांनी 'एका बाबतीत हौशी माणसाचा हक्क अधिक भक्कम आहे' असे म्हटले आहे, त्याचा संबंध नेमका इथेच येतो.

कलम १७ चा सर्वसाधारण नियम असा की कर्ता हाच प्रताधिकाराचा पहिला मालक असतो. मात्र एखाद्या व्यक्तीच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन प्रकाशचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास पहिली मालकी त्या सांगणाऱ्या व्यक्तीची होते. त्यामुळे लग्नाचे काम पैसे घेऊन करणाऱ्या व्यावसायिकाने लेखी करार केला नसेल, तर त्या चित्रांची मालकी कायद्याने यजमानांकडे जाते. अनेक स्टुडिओवाल्यांना हे सांगितले तर पटत नाही, पण कायदा तसाच आहे. याउलट जो पाहुणा स्वतःच्या हौसेने चित्रे काढतो, त्याला कोणी काम सांगितलेले नसते आणि मोबदलाही ठरलेला नसतो, त्यामुळे त्याची मालकी त्याच्याकडेच राहते. पगारी नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांना वेगळा नियम आहे. तिथे विरुद्ध करार नसेल तर पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची असते.

आपल्या बाबतीत प्रश्न असा की मामांनी दिलेली रक्कम हा ठरवून दिलेला मोबदला होता की नंतर प्रेमाने दिलेला आहेर. 'तू चित्रे काढ, आम्ही इतके देऊ' असे आधी बोलणे झाले असेल, तर मालकी त्यांची ठरण्याची शक्यता मोठी आहे. आधी काहीच ठरले नसेल, तर आपली बाजू बळकट आहे, आणि मग बहिणीने दिलेल्या परवानगीने जाहिरातदाराला चित्र छापण्याचा हक्क मिळत नाही. कर्ती मात्र दोन्ही परिस्थितींत आपणच आहात, त्यामुळे कलम ५७ खाली नाव मागता येते. माझा सल्ला असा की जाहिरातदाराला एक सौम्य पत्र पाठवून आधी नाव घालण्याची मागणी करावी. नातेसंबंधांच्या प्रकरणात एवढ्यावर बहुधा काम भागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चित्राचा प्रताधिकार आपला असला, तरी चित्रातल्या माणसाचा खासगीपणाचा हक्क वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने तो मूलभूत हक्क म्हणून मान्य झाला आहे. म्हणून नातेवाइकांची किंवा अनोळखी व्यक्तींची चित्रे जाहिरातीसाठी द्यायची असतील, तर त्यांची लेखी संमती आपणही घ्यायला हवी.

दीपमाळ :

मी एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादनात मदत करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडावीशी वाटते. आमच्या अंकाला नफा होत नाही. जाहिराती मिळवून कसाबसा छपाईचा खर्च निघतो. लेखाला साजेसे चित्र नेटवर सापडते, पण ते कोणाचे आहे हे अनेकदा कळत नाही. आम्ही 'आंतरजालावरून साभार' असे प्रामाणिकपणे छापतो. ना-नफा साहित्यिक उपक्रमासाठी एवढी सवलत असायला नको का?

रानवाटा :

दिवाळी अंकांविषयी मलाही जिव्हाळा आहे आणि आपली अडचण खरी आहे, पण या मुद्द्यावर मी सहमत होऊ शकत नाही. 'साभार' हा शब्द परवानगीची जागा घेऊ शकत नाही, कारण ज्याचे आभार मानले त्याने काही दिलेलेच नसते. कलम ५२ मध्ये अपवादांची मोठी यादी आहे, पण 'नफा होत नसेल तर चालेल' असा सरसकट अपवाद त्यात कुठेही नाही. खासगी वापर आणि संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्तांकन, वर्गातले अध्यापन, अशा विशिष्ट हेतूंसाठी ती मुभा आहे. एखाद्या प्रकाशचित्राच्या रचनेवर आपण लेख लिहिला आणि ते चित्र चर्चेसाठी सोबत छापले, तर तो उचित वापर म्हणता येईल. पावसावरच्या ललित लेखाला शोभा यावी म्हणून दुसऱ्याचे पावसाचे चित्र छापणे या अपवादात बसत नाही.

यावर चांगला उपाय उपलब्ध आहे. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या ऑनलाइन चित्रसंग्रहावर अनेक प्रकाशचित्रकारांनी आपली चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरता येतील अशी, खुली केली आहेत, त्यात महाराष्ट्रातले किल्ले, लेणी आणि मंदिरे पुष्कळ आहेत. तिथल्या बहुतेक चित्रांसाठी कर्त्याचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करणे ही मुख्य अट असते. ती पाळली की अंकाची किंमत कितीही असो, छापायला हरकत नाही. 'समान परवाना' ही अट असलेल्या चित्रात बदल केले, तर बदललेले चित्रही त्याच परवान्याखाली द्यावे लागते, एवढे मात्र पाहावे. आपली चित्रे अशी खुली करू इच्छिणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही.

दीपमाळ :

समीक्षेसाठी वापर आणि सजावटीसाठी वापर यातला भेद पटला. कॉमन्सचा पर्याय मंडळापुढे ठेवतो.

कातळ :

मला पुराव्याविषयी लिहायचे आहे, कारण हक्क आहे आणि तो सिद्ध करता येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शक्य असेल तर चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या रूपात, काढावीत. चोरणाऱ्याकडे बहुधा लहान केलेली जेपेग प्रत असते. पूर्ण आकाराची रॉ फाइल आणि त्याच ठिकाणी आधी-नंतर काढलेल्या चौकटींची सलग मालिका फक्त मूळ प्रकाशचित्रकाराकडेच असू शकते. ही मालिका मला वॉटरमार्कपेक्षा (चित्रावर उमटवलेल्या नावापेक्षा किंवा खुणेपेक्षा) कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते, म्हणून नापसंत चौकटी घाईने पुसून टाकू नयेत. मूळ कार्डावरची माहिती दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कर्त्याचे नाव भरण्याची सोय असते, ती वापरली की प्रत्येक फाइलच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या तपशिलात, ते नाव आपोआप नोंदले जाते. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवल्यास ही माहिती गळून पडते, त्यामुळे कोणाला अधिकृतपणे चित्र द्यायचे असेल तर ते ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ख प्रमाणे कर्त्याचे नाव आणि हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून आणि अनधिकाराने काढून टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. वॉटरमार्क कापून चित्र वापरणाऱ्याला लिहिताना या कलमाचा उल्लेख जरूर करावा.

उल्लंघन दिसताच आधी पुरावा गोळा करावा आणि मगच समोरच्याला कळवावे, कारण पत्र पोहोचताच पान उडवले जाते. स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. छापील वस्तू असेल तर तिची प्रत विकत घेऊन पावती जपावी. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते प्रमाणपत्र आवश्यक ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती तरतूद आहे.

पलीकडचा काठ :

मी अमेरिकेत राहतो, म्हणून इथला फरक थोडक्यात सांगतो. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात भारत १९२८ पासून आहे आणि अमेरिका १९८९ पासून, त्यामुळे भारतात काढलेल्या चित्राला इथेही संरक्षण आहे. मात्र अमेरिकी कायद्यात वैधानिक नुकसानभरपाई, म्हणजे प्रत्यक्ष तोटा सिद्ध न करता मिळणारी रक्कम, हवी असेल तर उल्लंघनापूर्वी किंवा प्रसिद्धीपासून तीन महिन्यांच्या आत इथल्या प्रताधिकार कार्यालयात नोंदणी केलेली असावी लागते. ही रक्कम प्रत्येक कृतीमागे साधारणपणे ७५० ते ३०,००० डॉलर आणि हेतुपुरस्सर उल्लंघन असल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते. भारतात अशी ठरावीक रक्कम नाही, तिथे नुकसान किंवा समोरच्याचा नफा दाखवावा लागतो. इंग्लंडमध्ये, पैसे घेऊन काढलेल्या चित्राची मालकीही सामान्यतः प्रकाशचित्रकाराकडेच राहते. कलम १७ चा भारतीय नियम सगळ्या जगाला लागू आहे असे समजू नये.

हिरवा चाफा :

तळटीप, मनापासून आभार. आणखी एक विचारते. गणेशोत्सवात मंडळांच्या मूर्तींची चित्रे आपण सगळेच काढतो, शहरातल्या भिंतींवरची मोठी रंगचित्रेही काढतो. तिथे मूर्तिकाराचा किंवा चित्रकाराचा हक्क आड येतो का?

तळटीप :

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून विशेष आनंद झाला. इमारतीचे प्रकाशचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे याला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. शिल्पाच्या बाबतीत ती मोकळीक शिल्प सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असेल तरच आहे. चौकातला पुतळा त्यात बसतो. दहा दिवसांनी विसर्जित होणारी मूर्ती कायद्याच्या शब्दांत काटेकोरपणे बसत नाही. उत्सवाची आठवण म्हणून चित्रे काढणाऱ्या कोणावर मूर्तिकार दावा लावील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, पण एखाद्या मूर्तीचे स्वतंत्र चित्र विक्रीच्या भेटकार्डावर छापायचे असेल, तर मूर्तिकाराला विचारावे आणि त्याचे नाव घालावे. आपल्या नावासाठी आग्रह धरणाऱ्यांनी मूर्तिकाराच्या नावाचीही तेवढीच काळजी घ्यावी असे मला वाटते. भिंतीवरचे चित्र हे रंगचित्र असल्याने ते शिल्पाच्या अपवादात येत नाही. मुंबईतल्या एका भित्तिचित्राच्या जाहिरातीतील वापरावरून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा गेला होता आणि न्यायालयाने ऑनलाइन जाहिराती काढून टाकण्याचे निर्देश दिले होते.

कातळ :

उल्लंघन सापडल्यावर पहिले पत्र कसे लिहावे, यावरही कोणी लिहिले तर बरे होईल.

रानवाटा :

माझे एक चित्र एका सहकारी संस्थेने दिनदर्शिकेत छापले होते, त्या वेळी लिहिलेल्या पत्राच्या आधारे सांगतो. पत्रात चित्राचे वर्णन, ते कधी आणि कुठे काढले, मूळ फाइल आपल्याकडे असल्याचा उल्लेख, समोरच्याचा वापर कुठे आढळला याचा तपशील आणि आपली नेमकी मागणी असावी. मागणी एकच आणि स्पष्ट ठेवावी : वापर थांबवावा, किंवा नाव घालावे, किंवा अमुक रक्कम द्यावी. मला पुढच्या छपाईत नाव आणि एक माफक मानधन मिळाले. पत्रव्यवहार लेखी असल्यामुळेच ते शक्य झाले. 'नेटवर मिळाले' या उत्तराने समोरच्याची जबाबदारी संपत नाही, पण प्रताधिकार असल्याची त्याला जाणीव नव्हती आणि तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते हे त्याने सिद्ध केले, तर नुकसानभरपाई न मिळता मनाई हुकूम आणि काही प्रमाणात नफ्याचा वाटा एवढेच मिळू शकते. म्हणून चित्राखाली नाव घालणे बंधनकारक नसले तरी हिताचे आहे.

पत्रात तुरुंगाच्या धमक्या देऊ नयेत. कलम ६३ खाली जाणीवपूर्वक केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. पण निराधार धमकी देणाऱ्यावर कलम ६० खाली उलट दावा होऊ शकतो, त्यामुळे आपली मालकी पक्की असल्याशिवाय फौजदारी भाषा वापरू नये. दिवाणी दाव्यासाठी कलम ६२ मोठा आधार आहे : चित्रकार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. साताऱ्याच्या माणसाला केवळ प्रतिवादी दिल्लीत आहे म्हणून दिल्लीला जावे लागत नाही. मुदत साधारणपणे उल्लंघनापासून तीन वर्षांची आहे.

चित्र संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमावर असेल, तर २०१३ च्या प्रताधिकार नियमांतील नियम ७५ प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत ते दिसेनासे करण्याची तरतूद आहे. मात्र तक्रारीसोबत दावा दाखल करण्याची हमी द्यावी लागते, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ते पान पुन्हा सुरू करता येते. मोठ्या समाजमाध्यमांचे स्वतःचे तक्रार अर्ज असतात, हौशी माणसासाठी ते अधिक सोपे पडतात. आपण चित्र टाकतो तेव्हा त्या माध्यमाला ते दाखवण्याचा व्यापक परवाना देतो, हे खरे. पण मालकी आपलीच राहते, आणि तिथून उचलून दिनदर्शिका छापणाऱ्याला त्या परवान्याचा काहीही उपयोग नाही.

परवानगी देताना ती लेखीच द्यावी. हक्क हस्तांतरित करणाऱ्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत असे कलम १९ धरते, पण स्पर्धांच्या प्रवेशिकांत 'सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी' असे शब्द छापलेले असतात, तिथे हा आधार मिळत नाही. अशी अट असलेल्या स्पर्धेत मी चित्र पाठवत नाही. कोणी चित्र मागितले, तर मी ईमेलने पुढील मजकूर पाठवतो, तो कोणालाही वापरता येईल :

'सोबतचे प्रकाशचित्र आपल्या २०२६ च्या दिनदर्शिकेत केवळ एकदा, छापील स्वरूपात आणि चित्रालगत माझे नाव घालून वापरण्यास मी परवानगी देत आहे. ही परवानगी अनन्य नाही आणि अन्य कोणाला देता येणार नाही. चित्रात काटछाट अथवा रंगबदल करायचा असल्यास आधी मला दाखवावे. अन्य कोणत्याही वापरासाठी नव्याने लेखी परवानगी घ्यावी लागेल. प्रताधिकार माझ्याकडेच राहील.'